घाटावरची पोफळ
(महाजन मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



भाद्रपदातील चतुर्थी आठवड्यावर आली की संकेश्वर, निपाणी, गडहिंग्लज या टापूतील ज्या कुटुंबांची मुळे गोव्यात वा सावंतवाडीच्या मुलखात आहेत, त्यांच्या घरी एक जुनी चिंता नव्याने उभी राहते. ती मूर्तीची नसते, मोदकांच्या सारणाचीही नसते. ती असते माटोळीची. गणपतीच्या माथ्यावर लाकडी चौकट टांगून तीवर नारळाची पेंड, सुपारीचा हिरवा घोस, कवंडळाची लालबुंद फळे, कांगण्यांचे झुबके, आंबाडे, करमळे, तोरंजन, म्हाळुंग असा त्या ऋतूचा सारा संभार बांधावयाचा, हा घाटाखालचा कुळाचार आहे. घाटाखाली या वस्तू परसात आणि रानात असतात. घाटावर त्या यादीत असतात. मग कुणी आंबोलीकडे जाणारा गाठावा, कुणी सावंतवाडीच्या आप्तांना निरोप धाडावा, कुणी बेळगावच्या बाजारात भल्या पहाटे उभे राहावे. या धावपळीत घरातील वडीलधारे माणूस एकदा तरी म्हणून जाते, ‘दारात एक पोफळ असती, तर हा व्याप कशाला पडता?’ आणि पुढच्या पावसाळ्यात पोफळीचे रोप येते.

ते रोप बहुधा जगत नाही. जगले तर वाढत नाही, आणि वाढले तर ज्या घोसासाठी लावले तो घोस धरीत नाही. तरीही पिढ्यानुपिढ्या ते लावले जाते. एवढ्या व्यवहारी समाजाने एवढ्या चिकाटीने चालविलेला हा तोट्याचा उद्योग थोडा निरखून पाहण्यासारखा आहे.

त्याचा आरंभ अर्थातच स्थलांतरात आहे. सोळाव्या शतकाच्या सातव्या दशकात साष्टी आणि बारदेशातील देवळे पाडली गेली. मंगेश कुशस्थळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्यास आली, म्हाळसा वेरण्याहून म्हार्दोळास आली. देवांनी जुवारी ओलांडली. पण अंत्रुज महालात त्यांना तीच लाल माती, तोच पाऊस, तीच कुळागरे मिळाली. पूजेची सुपारी नदीच्या अलीकडची असो वा पलीकडची, एकाच हवेत पिकलेली होती. माणसांचे तसे झाले नाही. धर्मच्छळाने, पुढे चाकरीने, व्यापाराने, कधी नुसत्या पोटाच्या ओढीने माणसे दोन वाटांनी पांगली. एक वाट समुद्राची. गलबतात बसून कारवार, होन्नावर, मंगळूर, कोचीन असे जे दक्षिणेस उतरले, त्यांचे या बाबतीत नशीब थोर. ते किनाऱ्याला लागले तेव्हा माड आधीच उभा होता. भाषा बदलली, राजा बदलला, पण आमटीतले खोबरे बदलले नाही.

या समुद्रवाटेच्या लोकांची एक हकीकत महाजन घरांत माहीत असावयास हवी. डच सेनापती हेन्ड्रिक व्हॅन ऱ्हीड याने मलबारातील वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्याच्या माहितीसाठी ज्या देशी जाणकारांची मदत घेतली गेली, त्यांत इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोचीनचे तीन कोंकणी ब्राह्मण होते. त्यांनी १६७५ साली दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीतील कोंकणीत त्या ग्रंथात छापलेले आहे. गोव्यातून उठलेल्या कुळांतील माणसे शे-सव्वाशे वर्षांत परमुलखातील झाडपाल्याची एवढी जाणकार झाली, की एका युरोपीय सेनापतीला त्यांचा शब्द प्रमाण मानावा लागला. अर्थात, किनाऱ्यावरून किनाऱ्यावर गेलेल्यांना हे तुलनेने सोपे होते, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी वाट घाटाची. रामघाट, आंबोली, चोर्ला या वाटांनी मीठ, नारळ आणि आमसुले वर येत, धान्य आणि गूळ खाली जाई. त्याच बैलांच्या तांड्यांच्या मागोमाग माणसे चढली. घाटाचा माथा ओलांडून दोन-तीन मुक्काम पुढे आले, की मुलूख उघडा होतो, माती काळी होते, आकाश मोठे होते. जोंधळा, भुईमूग, तंबाखू, ऊस आणि मिरची. येथे कोणत्याही गोष्टीची वाण नव्हती. वाण होती ती फक्त झाडांच्या सावलीत वावरण्याची.

संकेश्वराच्या बाबतीत तर नियतीने जणू थट्टाच केली आहे. गावाजवळून वाहणारी हिरण्यकेशी उगम पावते ती आंबोलीत, म्हणजे कोकणच्या ऐन उंबरठ्यावर. आंबोलीस वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरांच्या घरात पाऊस पडतो. नदी तेथून आजरा, गडहिंग्लज असा प्रवास करीत सुमारे सत्तर किलोमीटरांवर संकेश्वरी येते, आणि येथे पडणारा पाऊस आंबोलीच्या दशांशाच्या आसपास. या वाटेने जाणाऱ्याने एस.टी.च्या खिडकीतून बाहेर पाहत राहावे. तेवढ्यात मुलूख चार वेळा कूस बदलतो. आंबोलीस दाट जंगल आणि धुके. आजऱ्याच्या आसपास काजू आणि घनसाळ भाताची खाचरे. गडहिंग्लजला भुईमूग आणि मिरची. संकेश्वरी ऊस आणि उघडे माळ. म्हणजे ज्या पाण्यावर घाटमाथ्याचे जंगल वाढते, तेच पाणी संकेश्वरच्या शेताला मिळते. पाणी येते, हवा येत नाही. पोफळीच्या साऱ्या कहाणीचे मर्म एवढ्यात आहे.

परंतु हे सर्व झाडांस सारखेच लागू नाही, आणि येथेच पुष्कळांची फसगत होते. एक पोफळ मेली म्हणून कोकणातील काहीच घाटावर येत नाही असे मानणारे एक टोक. दारचा माड फळला म्हणून आता पोफळही फळेल असे मानणारे दुसरे. प्रत्येक झाडाची अट वेगळी आहे.

माडाचे उदाहरण घ्यावे. तो समुद्राकाठचा खरा. पण कर्नाटकातच तिपटूर हे समुद्रसपाटीपासून आठशे मीटरांहून उंच असलेले गाव खोबऱ्याची पेठ म्हणून देशात नाव कमावून बसले आहे. तेव्हा माडाला उंचीचे वावडे नाही, समुद्राच्या वाऱ्यावाचून त्याचे अडत नाही. त्याला हवे मुळाशी बारमाही पाणी आणि फार न गारठणारी रात्र. संकेश्वराच्या परसातील माड म्हणूनच जगतो आणि फळतोही. बाणवली जातीचा माड सहा-सात वर्षांनी फळावर येतो. मात्र त्याची स्मरणशक्ती दांडगी आहे. झावळीच्या बगलेत पोयीचा अंकुर धरल्यापासून नारळ पक्व होईपर्यंत सुमारे चव्वेचाळीस महिने जातात. त्यातील बराच काळ तो अंकुर खोडाच्या शेंड्यात, कुणाच्या दृष्टीस न पडता वाढत असतो. त्यामुळे एखाद्या वैशाखात विहीर आटली, तर त्याची शिक्षा माड त्या वर्षी देत नाही. दोन-तीन वर्षांनी देतो. तोवर घरचे ती विहीर विसरलेले असतात आणि दृष्ट लागली, खत बाधले, शेजारच्याने काही केले, असे नाना तर्क चालतात.

पोफळीची गोष्ट निराळी. तिलाही उंचीचे भय नाही. उत्तर कन्नडातील शिरसी ही संकेश्वराच्याच जवळपास उंचीवर, सहाशे मीटरांच्या आगेमागे आहे आणि तेथील सुपारीच्या बागा विख्यात आहेत. पण शिरसीची हवा ही मलनाडची हवा, जंगलाच्या ओलाव्याने भरलेली. पोफळीला हवेतला ओलावा लागतो. एप्रिलच्या दुपारी संकेश्वरच्या माळावरून जो कोरडा वारा सुटतो, तो पोफळीच्या पानांतून एवढे पाणी उडवून नेतो, की मुळांनी कितीही ओढले तरी भरपाई होत नाही. आळ्यात पाणी डबडबलेले असते आणि शेंडा करपत असतो. हे पाहून भाबडा माळी आणखी पाणी घालतो. काळ्या, चिकट जमिनीत ते निचरत नाही, मुळे कुजू लागतात, आणि झाड वरून तहानेने व खालून पाण्याने, असे दोन्हीकडून मरते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. गोव्याच्या कुळागरात पोफळ कधी एकटी नसते. डोंगराच्या पायथ्याशी झऱ्याचे पाणी पाटाने खेळविलेले. सर्वांत वर माड, त्याखाली पोफळी, पोफळीच्या अंगावर मिरवेल, मध्ये केळी, बुडाशी अननस आणि आळू. माड उन्हाचा पहिला मारा झेलतो, केळ जमिनीलगतचा ओलावा धरून ठेवते, पाचोळा मुळे झाकतो. पोफळीचे खोड तर इतके नाजूक, की नैर्ऋत्येचे उतरते ऊन एका बाजूने सतत लागले तर साल भाजून तडकते आणि पुढे वाऱ्याने ते तेथेच मोडते. म्हणून जाणते बागाईतदार ओळी आखतानाच त्या उन्हाचा तिरपा विचार करतात. असे हे झाड एकत्र कुटुंबात वाढलेले. आणि घाटावर त्याला काय मिळते? फरशी घातलेल्या अंगणाच्या कोपऱ्यात एकट्याने उभे राहणे. लावणाऱ्याने झाड आणले, कुळागर आणले नाही. नव्या सुनेविषयी जी कणव घरात दाखविली जाते, तिचा काही अंश त्या रोपाच्या वाट्यास आला असता, तर निदान शेजारी दोन केळी तरी लागल्या असत्या.

भिरंडीची, म्हणजे रातांब्याची, फजिती आणखी वेगळी. तिच्यात हवेचा दोष थोडा आणि अज्ञानाचा जास्त. भिरंडीत नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. बी रुजवून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि कोणते रोप काय हे फूल येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, ओळखता येत नाही. आजोळाहून मोठ्या मायेने आणलेले बी रुजावे, सात वर्षे त्याला उन्हातून, शेळ्यांतून, पोरांच्या चेंडूतून वाचवावे, आणि शेवटी ते नर निघावे! त्यावर एक फळ धरावयाचे नाही. अशा झाडाला शाप असल्याचे सांगून ते तोडून टाकल्याच्या गोष्टी ऐकू येतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मादी झाडाच्या काडीवरून मृदकाष्ठ कलमे करण्याची रीत रूढ केल्यापासून हा जुगार संपला आहे. ‘कोकण अमृता’सारख्या निवडक जातीची कलमे मिळतात. माडाच्या सावलीत, भिंतीच्या आडोशाला, उन्हाळी पाणी देऊन असे कलम घाटावर जगविणे अशक्य नाही.

निरफणसाविषयी थोडक्यात एवढेच, की तो मुळात प्रशांत महासागरातील बेटांचा. वर्षभर ऊब आणि दमटपणा याखेरीज त्याला दुसरे काही ठाऊक नाही, आणि पौष-माघातील येथील रात्री त्याच्या जिवावर येतात. सुरंगीचे नाव काढले तर घाटाखालून आलेल्या वृद्ध स्त्रियांचे डोळे आजही पाणावतात. वेंगुर्ल्याजवळ आरवलीच्या बाजूस फाल्गुनात तिच्या कळ्या पहाटे झाडावर चढून उतरवितात आणि त्यांचे वळेसर गुंफतात. हे झाड संकेश्वरी आणून लावण्याचा हट्ट करू नये. वाळलेल्या सुरंगीचा वास महिनोन् महिने टिकतो. एक वळेसर कपाटातील पातळांच्या घडीत ठेवला, तरी पुष्कळ काही मिळते.

उलट आबोली! तिने कसलीही कुरबूर केली नाही. कुंडीत, वाफ्यात, तुळशीच्या कट्ट्यालगत, जेथे लावाल तेथे ती रुजली आणि वर्षाचे बहुतेक दिवस फुलत राहिली. तिच्याकडे कुणाचे विशेष लक्ष जात नाही. जे झाड सहज आले त्याची आठवण म्हणून किंमत होत नाही, आणि जे येत नाही त्याच्यासाठी विहीर उपसली जाते.

ही ओढ काही महाजन घराण्यांपुरती नाही. आग्र्यास राज्य स्थापन केल्यावर बाबराला हिंदुस्थानचे सोने चालले, पण येथे काबूलची खरबुजे आणि द्राक्षे मिळत नाहीत याची खंत त्याने ‘बाबरनाम्या’त उघड लिहून ठेवली. काबूलहून आलेले एक खरबूज कापून खाताना त्याला रडू आवरले नाही, ही कबुली १५२९ सालच्या त्याच्या एका पत्रात आहे. दुसरा एखादा बादशहा एवढ्यावर थांबला असता. बाबराने बल्खच्या माळ्याकडून आग्र्याच्या बागेत खरबुजे लावून घेतली, द्राक्षवेली लावल्या आणि त्या फळल्या. त्याची हौस पुरी झाली याचे कारण त्याची सत्ता नव्हे. खरबुजाला कोरडी, तापलेली हवा आणि मुळाशी पाणी लागते. कोरडी हवा आग्र्यास होतीच. पाणी रहाटाने देता आले. कोरड्या मुलखात पाणी नेणे मनुष्याच्या आवाक्यात आहे. कोरड्या हवेत ओलावा भरणे मात्र बादशहाच्याही आवाक्यात नव्हते. इंग्रजांना ते साधले, पण काचेच्या घरात. लंडनजवळ क्यू येथे १८४८ साली पुरे झालेले लोखंड आणि काचेचे प्रचंड ताडगृह बाष्पकांच्या उष्णतेवर चालत असे. तेवढा खटाटोप केला तेव्हा उष्ण प्रदेशांतील ताडमाड इंग्लंडच्या हिवाळ्यात तग धरू शकले. आज इंग्लंड-अमेरिकेतील मराठी कुटुंबे कढीपत्त्याची आणि तुळशीची कुंडी थंडी पडण्यापूर्वी उचलून घरात खिडकीशी आणतात, तेही त्याच खटाटोपाचे घरगुती रूप.

आता या प्रश्नाची दुसरी बाजू पाहू. संकेश्वराच्या ज्या हवेला इतका वेळ दोष दिला, तिने काय केले? मिरची ही या भूमीची नव्हे. ती अमेरिका खंडातील. पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्यास उतरली आणि तेथून घाट चढली. म्हणजे तिची वाट आणि महाजनांच्या पूर्वजांची वाट एकच, काळही जवळपास एकच. पण ती घाटावर आली आणि परत फिरण्याचे नाव घेईना. खरिपाच्या पावसावर वाढावे, मार्गशीर्ष-पौषात लाल व्हावे, आणि खळ्यावर पसरली की पावसाचा वा धुक्याचा थेंब न लागता कोरड्या उन्हात सुरकुतत, रंग धरीत वाळावे, हे तिला येथे साधले. लांब, बारीक, सुरकुतलेल्या अंगाची ती मिरची ‘संकेश्वरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. ज्या वाऱ्याने पोफळीचा शेंडा करपतो, त्याच वाऱ्याने मिरचीला रंग येतो. हवा एकच आहे.

तंबाखूचेही तसेच. तीही अमेरिकेहून आलेली. अकबराच्या दरबारचा असद बेग विजापुरास गेला असता तेथे त्याने तंबाखू पाहिली आणि १६०४-०५ च्या सुमारास ती बादशहापुढे नेली. त्या काळी आदिलशाही अंमलाखाली असलेल्या या मुलखात तंबाखू पुढे अशी रुजली, की निपाणीचे नाव तिच्यावाचून घेता येत नाही. तिच्या गुणदोषांची चर्चा हा आजचा विषय नव्हे. काजूही ब्राझीलचा, तो आजरा-चंदगडच्या लाल जमिनीत थांबला, काळ्या मातीत उतरला नाही. आणि पोफळ? जिच्यावाचून गोव्याचे चित्र पुरे होत नाही, तिचेही मूळ आग्नेय आशियात असल्याचे मानले जाते. तेव्हा कोण येथले आणि कोण परके, याचा निवाडा गाव आणि कुळी विचारून होत नाही. पाऊस, माती आणि रात्रीचा गारवा तो करतात.

हापूसच्या बाबतीत हा निवाडा चमत्कारिक झाला आहे. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी कलम बांधून सिद्ध झालेला हा आंबा घाट चढून बेळगाव-धारवाडच्या पट्ट्यात आला, तेथे त्याच्या मोठ्या बागा झाल्या, फळेही भरदार येतात. झाड आले, पण साल, गंध आणि गराचा पोत कोकणचा राहिला नाही. २०१८ साली ‘हापूस’ या नावाला जी भौगोलिक मानांकनाची नोंदणी मिळाली, ती रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. धारवाडी फळ खाणाऱ्याला गोड लागते, विकणाऱ्याला पैसेही देते, आणि तरी घरातील म्हातारे माणूस एक फोड तोंडात घालून ‘आंबा चांगला आहे’ एवढेच म्हणते आणि गप्प बसते. त्या गप्प बसण्यास उत्तर नाही.

अलीकडे परिस्थिती थोडी बदलली आहे. ठिबक सिंचन आले, हिरवे जाळीचे छप्पर आले, फवाऱ्याने धुके पाडणारी यंत्रे आली. हिमाचल प्रदेशातील हरिमन शर्मा यांनी कमी थंडीवर फळणारी सफरचंदाची जात पुढे आणल्यापासून दख्खनच्या पठारावरही हौशी शेतकरी सफरचंद लावू लागले आहेत. नेहमीच्या सफरचंदाला सात अंशांखालील थंडीचे शेकडो तास, कित्येक जातींना हजारभर तास, लागतात. त्यावाचून कळ्या जाग्याच होत नाहीत. ती अट ज्या जातीत सैल आहे, तीच येथे येते. जाळी आणि फवारे लावून पोफळही येईल. प्रश्न येईल की नाही हा नाही. कुणाच्या पाण्यावर येईल हा आहे. विंधनविहिरी दरसाल खोल जात असता, चैत्रात शेजारच्या वस्तीवर टँकर येत असता, अंगणातील दहा पोफळींसाठी दिवसभर फवारा चालविणे शोभत नाही, मग तो पूजेसाठी का असेना.

शिवाय विनिमयाचा जुना मार्ग बंद झालेला नाही. गोव्यात पावसाळ्यापूर्वी पुरुमेंत भरताना वर्षाची मिरची घेतली जाते. खालच्या दमट हवेत ती नीट वाळत नाही, बुरशी धरते, म्हणून घाटावरची मिरची तिथे हवी असते. घाटाखालच्या हुमणाला रंग येतो तो घाटावरच्या उन्हामुळे. वरून मिरची आणि गूळ खाली जावा, खालून सुपारी, नारळ आणि आमसुले वर यावीत. बैलांच्या जागी टेम्पो आले एवढाच फरक. सावंतवाडीच्या आप्ताला जर घोस मागावयाचा असेल, तर आधी दोन किलो संकेश्वरी धाडावी. त्याला ती हवीच असते, फक्त तो मागत नाही.

ज्यांना इतके सर्व ऐकूनही दारी एखादी पोफळ लावावयाचीच आहे, त्यांचा हात कुणी धरू नये. मात्र ती रीतीने लावावी. प्रथम माड लावावा आणि त्याला सावली धरू द्यावी. त्यास पाच-सहा वर्षे जातील. मग माडाच्या किंवा घराच्या पूर्वेस, दुपारनंतरचे ऊन न लागेल अशी जागा पाहून, काळी माती काढून खड्डा लाल माती, वाळू आणि शेणखताने भरावा, पाण्याला उतार ठेवावा. भोवती केळी लावाव्यात. पावसाळ्याच्या आरंभी रोप लावून बुडाशी पाचोळ्याचा जाड थर द्यावा, आणि फाल्गुन ते वैशाख खोडाच्या नैर्ऋत्य अंगाला झावळ्या बांधाव्यात. पाणी थोडे आणि वारंवार द्यावे. एकदम डबडबून भरू नये. एवढे केल्यास सहा-सात वर्षांनी एखादा घोस दिसण्याचा संभव आहे. तोवरच्या माटोळ्यांसाठी मात्र सुपारी सावंतवाडीहूनच आणावी लागेल, आणि ती चतुर्थीच्या दोन दिवस आधी निघाली पाहिजे. आदल्या दिवशी आंबोलीच्या घाटात वाहनांची फार गर्दी होते.